सशाच्या बिळात सोडलेलं ते 'मुंगूस': एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

इंग्लंडमधला एक छोटा व्हिडिओ मराठी ग्रुपांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत असतो. हिवाळ्यातलं उजाड शेत, बांधाच्या झुडपांपाशी गुडघे टेकून बसलेला एक माणूस. तो खोक्यातून एक पांढुरका, लांबट प्राणी काढून बिळात सोडतो. थोड्या वेळाने पलीकडच्या भोकातून ससा उसळतो तो थेट जाळ्यात. खालचा मजकूर साधारण असा: 'सभ्य म्हणवणाऱ्या इंग्रजांचा खरा चेहरा. जंगली मुंगसं पकडून चार-चार दिवस उपाशी ठेवतात आणि सशांच्या बिळात सोडतात. ती आत जाऊन सशांना जिवंत फाडून खातात. श्रीमंतांचा हा खेळ तिथल्या कायद्यानेच गुन्हा आहे, पण पोलीस डोळेझाक करतात. बिचारे ससे तिथले मूळ रहिवासी!' आणि त्याखाली कोणीतरी हमखास लिहितं: 'आपल्याकडे पिकं फस्त करणाऱ्या जनावरांवरही हा उपाय करून बघायला हवा.'

निषेध आणि मागणी एकाच दमात. शिकार कोणाला आवडावी असा माझा आग्रह नाही. जाळ्यात सापडलेल्या सशाची किंकाळी ऐकवत नाही, हे मीही म्हणेन. पण या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या गर्दीत आक्षेप घेण्यासारखी खरी जागा झाकली जाते.

'जंगली मुंगसं पकडून…'

तो प्राणी मुंगूस नाही आणि जंगलीही नाही. त्याचं नाव फेरेट. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने पिढ्यान् पिढ्या पाळून तयार केलेली ही जात. मुंगसाचं कूळ मांजर-तरसांच्या बाजूचं, फेरेटचं कूळ वेगळंच. आपल्या खाड्यांमध्ये दिसणारं पाणमांजर हे त्याचं खरं भाऊबंद.

पाळण्याची परंपरा किमान दोन हजार वर्षांची. इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो स्पेनबद्दल लिहिताना सशांच्या उपद्रवावरचा उपाय सांगतो: आफ्रिकेतून आणलेले आणि या कामासाठी मुद्दाम वाढवलेले प्राणी, तोंडाला मुसकं बांधून बिळात सोडायचे, ते सशाला नखांनी ओढून आणतात किंवा बाहेर पळायला लावतात, आणि वर उभी असलेली माणसं त्याला धरतात. याच सशांमुळे स्पेनजवळच्या बॅलेअरिक बेटांवरच्या लोकांनी रोमन सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली होती, असं रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. स्ट्रेबोच्या वर्णनातलं ते मुसकं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पांढरा रंगही माणसानेच जपलेला आहे. झुडपांतून बाहेर डोकावलेलं पिवळट-पांढरं तोंड लांबूनही ओळखू येतं. करड्या फेरेटला ससा समजून कुत्र्याने किंवा बंदुकीने घोटाळा करण्याची भीती असते, ती इथे राहत नाही.

'चार-चार दिवस उपाशी ठेवतात'

हे करणाऱ्या माणसाची पहिल्याच बिळात फजिती होईल. भुकेला फेरेट आत ससा मारतो, पोटभर खातो आणि त्याच्याच उबेला गाढ झोपतो. दिवसातले चौदा-सोळा तास सहज झोपणारा हा प्राणी आहे. वर मालक थंडीत ताटकळत उभा, खाली फेरेट ढाराढूर. मग फावडं घ्या आणि खणा. म्हणून कामाच्या दिवशीही फेरेटला थोडं खायला दिलेलं असतं. त्याचं आतडं आखूड, तीन-चार तासांत खाल्लेलं बाहेर पडतं, त्यामुळे एरवीही त्याला थोडं थोडं, अनेकदा लागतं.

या आरोपाला जुन्या काळात मात्र आधार होता. पूर्वी अनेक जण फेरेटला दुधात भिजवलेल्या पावावर ठेवत. निव्वळ मांसाहारी प्राण्याची ती उपासमारच. आणि त्याने आत ससा मारू नये म्हणून काही जण मुसकं बांधत, काही महाभाग तर चक्क ओठ शिवत. ते क्रूर होतं, आणि त्याचा निषेध फेरेट पाळणाऱ्यांनीच करून ठेवलेला आहे. पण मुसकं काय किंवा शिवलेले ओठ काय, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: फेरेटने ससा खाऊ नये, हीच सगळी खटपट.

फेरेट नीट पाळणं हे बारा महिन्यांचं काम आहे. मादी माजावर आली आणि नराशी संयोग झाला नाही, तर तिच्या अंगातलं इस्ट्रोजेन वाढतच राहून हाडांतला मगज निकामी होतो आणि ती दगावू शकते. म्हणून जाणकार लोक नसबंदी केलेला एक नर मुद्दाम बाळगतात.

'आत जाऊन जिवंत फाडून खातात'

ज्या व्हिडिओखाली हे लिहिलं आहे, त्याच व्हिडिओत ससा धडधाकट बाहेर येताना दिसतो. आतच खायचा असता तर प्रत्येक भोकावर जाळी कशाला लावली असती?

काम असं चालतं. मोसम साधारण ऑक्टोबर ते मार्च. झाडोरा झडलेला असतो, भोकं दिसतात, बिळात पिल्लं कमी असतात. आधी कुत्रा, बहुधा लर्चर किंवा व्हिपेट, बिळांवरून फिरतो. आत ससा असेल तर तिथे थबकून कान टवकारतो. नसेल तर पुढे जातो. चांगल्या कुत्र्याच्या शब्दावर लोक फेरेटपेक्षाही जास्त विश्वास ठेवतात. मग बोलणं बंद. पावलांची धमक जमिनीतून खाली जाते आणि सावध झालेला ससा बाहेर पडायचं नाव घेत नाही. प्रत्येक भोकावर पर्स-नेट पसरायचं: बटव्यासारखं, कडेने दोरी ओवलेलं जाळं, दोरीचं टोक खुंटीला. ससा जोरात आदळला की दोरी खेचली जाऊन जाळ्याचं तोंड आवळतं. गवताखाली दडलेलं एखादं चोरभोक हमखास नजरेतून सुटतं आणि ससा नेमका तिथूनच निसटतो. 'सशाला संधीच नाही' असं कोणी म्हटलं, तर ज्यांनी हे पाहिलंय त्यांना हसू येईल.

मग फेरेट आत. शक्यतो मादी, कारण ती चणीने लहान. अरुंद बोगद्यात नरापेक्षा सहज फिरते. तिच्या नुसत्या वासाने खाली धावपळ सुरू होते. सशाने मागच्या पायांनी जमीन ठोकल्याचा दबका आवाज वर ऐकू येतो. पुढच्या काही सेकंदांत एक तर जाळं उडतं किंवा काहीच होत नाही. जाळं उडालं की माणूस झडप घालतो, ससा सोडवतो आणि एका झटक्यात मान मोडतो. मारणारा हात माणसाचा असतो. फेरेटचं काम हुसकावण्याचं.

आता 'काहीच होत नाही' याबद्दल, कारण खरी अडचणीची जागा इथे आहे. ससा कधीकधी बंद टोकाच्या बोगद्यात तोंड घालून बसतो. फेरेट मागून ओरखडत राहतो, ससा हलत नाही. कधी फेरेट त्याला ओलांडून मानेपर्यंत पोचतो आणि मारतो. हे घडतं, आणि ते मरण जाळ्यातल्या मरणाइतकं झटपट नसतं. पूर्वी अशा वेळी लांब दोरी बांधलेला दांडगा नर आत सोडत. तो मादीला हुसकावून सशापाशी बसे आणि दोरीच्या मागाने खणत जायचं. आता फेरेटच्या गळ्यात बारका ट्रान्समीटर असतो. वरून यंत्र फिरवून तो कुठे आणि किती खोल आहे ते कळतं, नेमकं तिथेच खणता येतं. त्रास कमी झाला, संपला नाही. ज्यांना आक्षेप घ्यायचा आहे त्यांनी इथे घ्यावा.

पण मग दुसरे मार्गही शेजारी ठेवून पाहा. रात्री प्रखर दिवा मारून बंदुकीने टिपणं, पिंजरे, किंवा बिळात वायू सोडणं. वायूसाठी वापरतात ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड, म्हणजे आपल्याकडे धान्याच्या कोठारात ठेवतात त्याच विषारी गोळ्या. ओलाव्याने त्यातून फॉस्फीन सुटतो आणि बिळात जे काही असेल ते सगळं आतच मरतं. कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत नाहीत. रेल्वेचे बांध, दफनभूमी, गोल्फची मैदानं अशा ठिकाणी बंदूक चालवता येत नाही. तिथे आजही फेरेटवाल्याला बोलावणं जातं.

'कायद्याने गुन्हा, पण डोळेझाक'

उलट आहे. १८८० च्या ग्राउंड गेम ॲक्टने जमीन कसणाऱ्याला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क दिला. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टने तर ते कर्तव्यच केलं: इंग्लंड-वेल्सचा जवळपास सगळा भाग ससे-नियंत्रण क्षेत्र आहे, आणि सशांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी तिथल्या कब्जेदारावर आहे. लोक ज्याच्याशी गल्लत करतात तो २००४ चा हंटिंग ॲक्ट. तो कुत्र्यांनी केलेल्या शिकारीचा आहे. कोल्ह्याच्या शिकारीमुळे तो गाजला, आणि जमीनमालकाच्या परवानगीने केलेली सशांची शिकार त्यातून वगळलेली आहे. फेरेट त्या कायद्यात येतच नाही.

गुन्हा होतो तो परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरलात तर. आणि आणखी एक: ससा जाळ्यात अडकला की तो माणसाच्या ताब्यात आला, म्हणजे २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याचं संरक्षण त्याला लागू होतं. त्याला विनाकारण तडफडत ठेवलं तर शिक्षा होऊ शकते.

'श्रीमंतांचा खेळ'

१३९० साली, दुसऱ्या रिचर्डच्या राज्यात कायदा झाला: वर्षाला ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाने शिकारी कुत्रा ठेवायचा नाही, फेरेट आणि जाळी वापरायची नाहीत. गरीब लोक हे करत नसते तर बंदी कोणावर घातली असती? ससे जमीनदारांच्या राखीव वसाहतींत वाढवले जात, मांस आणि कातडं दोन्ही महाग. रात्री कोटाच्या खिशात फेरेट घालून त्यावर हात मारणारा शेतमजूरच असे. १८२८ च्या रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्धच्या कायद्यात सशांचं वेगळं नाव घातलंय ते उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धात मांसाला रेशन लागलं, पण ससा रेशनबाहेर होता. तेव्हा ज्याच्याकडे फेरेट त्याच्या घरी रस्सा. लाल कोट, घोडे आणि बिगुल हे चित्र कोल्ह्याच्या शिकारीचं. इथे चिखलाचे बूट आणि फावडं.

'ससे तिथले मूळ रहिवासी'

हा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. ब्रिटनमध्ये त्याच्या वसाहती नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकात वसवल्या. सुरुवातीला तो इतका नाजूक होता की त्याच्यासाठी मातीचे उंचवटे रचून द्यावे लागत. नंतर तो सुटला आणि पिकांवर उतरला.

पण इथे मला फेरेटवाल्यांच्या नेहमीच्या बचावालाही थांबवायचं आहे. 'बाहेरून आलेला उपद्रवी प्राणी, कितीही मारा' हे आज सगळीकडे लागू नाही. १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि त्याने तिथले ९९ टक्क्यांहून जास्त ससे मारले. मग गवत वाढलं. आखूड गवतातल्या एका जातीच्या मुंग्या घटल्या, त्यांच्या वारुळात वाढणारं लार्ज ब्लू फुलपाखरू १९७९ साली ब्रिटनमधून नाहीसं झालं. पुढे बाहेरून आणून ते पुन्हा वसवावं लागलं. ससे सावरले, पण गेल्या काही दशकांत रक्तस्रावी रोगाने ते पुन्हा निम्म्याहून कमी झालेत. नॉरफोक-सफोकमधल्या ब्रेकलँडच्या रेताड माळावर दुर्मीळ वनस्पती सशांनी कुरतडलेल्या जमिनीवर तग धरतात, आणि तिथे आता ससे वाढावेत म्हणून प्रयत्न चालतात. मूळ प्रदेशात तर हा ससा संकटग्रस्त यादीत आहे, आणि तिथल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजराचं मुख्य अन्न तोच. कोणत्या शेतात ससे जास्त आहेत आणि कुठे मोजकेच उरलेत, हे पाहिल्याशिवाय फेरेट सोडणं आज समर्थनीय नाही.

'आपल्याकडेही करून बघायला हवं'

सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते सद्भावनेने लिहिलेलं असतं. न्यूझीलंडने हे करून बघितलं. तिथे युरोपियनांनी नेलेले ससे १८७० च्या दशकात मेंढ्यांची कुरणं फस्त करू लागले. पक्षीतज्ज्ञांचा विरोध डावलून १८८० च्या दशकात फेरेट आणि त्याचेच रानटी भाऊबंद स्टोट आणि वीझल आणून मोकळे सोडले. जाळी नाही, कुत्रा नाही, संध्याकाळी परत घेऊन जाणारा मालक नाही. ससे संपले नाहीत. जमिनीवर घरटं करणारे पक्षी मात्र संपत चालले. फेरेट तर पूर्ण वाढलेल्या किवीलाही मारतो. अखेर २००२ मध्ये तिथे फेरेटची विक्री आणि पैदास यांवर बंदी आली. हातात धरून वापरलेलं जनावर आणि रानात सोडलेलं जनावर यांतला फरक तिथल्या किवींना विचारावा. खऱ्या मुंगसाचीही हीच कथा: १८७२ साली उसातल्या उंदरांसाठी भारतातून जमैकाला नेलं, आणि ते पक्षी, अंडी, सरडे सगळ्यांवर तुटून पडलं.

शिवाय महाराष्ट्रात हे चालणार कशावर? आपल्या माळावरचा ससा बिळात राहत नाही. तो गवतात खळगा करून बसतो आणि चाहूल लागली की उघड्यावर पळतो. त्याला हुसकावायला बीळच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे. पिकांची खरी नासाडी करणारं रानडुक्कर पर्समध्ये मावेल एवढ्या फेरेटला काय भीक घालणार? आणि फेरेटला घामाने अंग थंड करता येत नाही. तापमान तिशीपलीकडे गेलं की त्याला उष्माघात होतो. विदर्भातल्या एप्रिलमध्ये त्याच्यासाठी आधी कूलरची सोय करावी लागेल.