नाकारलेला दगड चुकून नाकारला नव्हता

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा जवळ आला की मराठी ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक गोष्ट हटकून फिरू लागते. शलमोन राजा यरुशलेमेत मंदिर बांधत होता, दगड खाणीतच घडवून येत होते. एके दिवशी वेगळ्याच आकाराचा एक दगड आला. तो कुठे बसवायचा हे गवंड्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो किद्रोनच्या दरीत लोटून दिला. वर्षे गेली. काम संपत आले तेव्हा कोनशिला मागवली, तर खाणीतून निरोप आला की ती केव्हाच पाठवली आहे. शोधाशोध झाली, झाडोऱ्यात तो दगड सापडला आणि नेमका जागेवर बसला. ‘बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाला’ हे ११८व्या स्तोत्रातले वचन या घटनेवरूनच आले, असे संदेश सांगतो. शेवटी दिलासा: तुम्हालाही कुणी नाकारले असेल तर धीर धरा, उद्याची कोनशिला तुम्हीच! ही गोष्ट आणि कोनशिलेबद्दल ऐकू येणारे आणखी काही दावे एकेक करून पाहू.

‘ही घटना शलमोनाच्या मंदिरात घडली.’ मंदिराच्या बांधकामाचे वर्णन १ राजे पुस्तकाच्या पाचव्या-सहाव्या अध्यायांत आहे. पायासाठी मोठे, मौल्यवान, घडीव दगड आणले. दगड खाणीतच तयार होत, म्हणून बांधकामाच्या जागी हातोडा, कुऱ्हाड किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज आला नाही. सात वर्षांत काम झाले. गोष्टीचा पहिला भाग इथून उचललेला आहे. पुढचा दगड, दरी, झाडोरा, निरोप यांतले काहीही तिथे नाही, २ इतिहासातही नाही. बायबलबाहेर शलमोनाच्या नावावर एक प्राचीन ग्रीक ग्रंथ आहे. त्यात कोनशिलेची कथा येते आणि हे वचनही येते, पण तिथे दगड कुणी नाकारत नाही. तो इतका अवजड असतो की शेवटी एका भुताकडून उचलवून घ्यावा लागतो. टाकून दिलेला आणि मग शोधून काढलेला दगड फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाच्या एका विधीत मात्र अगदी ओळखीचा आहे. संदेशासोबत बहुधा ‘शलमोनाच्या खाणी’ म्हणून एका गुहेचा फोटो असतो. यरुशलेमेच्या दिमिष्क वेशीजवळची ही गुहा १८५४ मध्ये पुन्हा उजेडात आली. तिथे दगड काढले गेले यात शंका नाही, पण शलमोनाशी तिचा संबंध परंपरेने जोडलेला आहे, पुराव्याने नाही.

शिवाय कोनशिला पहिली बसते की शेवटची, हे त्या गोष्टीलाच ठरवता आलेले नाही. पायातला कोपऱ्याचा दगड नसताना मंदिर वर्षानुवर्षे चढत कसे गेले?

‘स्तोत्र त्या घटनेची आठवण आहे.’ स्तोत्रात मंदिराचे बांधकामच नाही. गाणारा शत्रुराष्ट्रांनी वेढला गेला होता, ढकलला गेला होता, पडता पडता वाचला. आता तो ‘धार्मिकतेची दारे उघडा’ म्हणत मिरवणुकीने मंदिरात शिरतो आहे. जगाने मोडीत काढलेल्याला परमेश्वराने उभे केले, ही त्याची साक्ष आहे. गाणारा राजा असो की सगळे इस्राएल. ११३ ते ११८ ही स्तोत्रे यहुदी लोक वल्हांडण सणाला गातात. म्हणजे हे वचन आधी त्यांच्या उपासनेचे आहे, नंतर आपल्या. ते त्यांच्याविरुद्ध वापरणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. गोष्टीतले गवंडी बिचारे निरपराध आहेत. त्यांना आकार ओळखू आला नाही, इतकेच. हिशेबातली गफलत म्हणा. येशूने हे वचन कुठे आणि कुणापुढे उच्चारले ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात पाहा. जागा मंदिराचीच, हेरोदाने नव्याने उभारायला घेतलेल्या मंदिराची. योहानाच्या शुभवर्तमानात तिथले लोक सांगतात की याला ४६ वर्षे लागली. त्या आवाराच्या पश्चिम भिंतीत आजही एक चिरा सुमारे साडेतेरा मीटर लांबीचा आहे. मार्कच्या पुढच्याच अध्यायात एक शिष्य थक्क होऊन म्हणतो, गुरुजी, कसे हे दगड, कशा या इमारती! हे वचन उच्चारताना येशूसमोर उभे होते मुख्य याजक, शास्त्री आणि वडील, म्हणजे त्या मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता ते. ‘बांधणारे’ हा शब्द त्यांना लागू करायला दुभाष्याची गरज नव्हती.

वचनाच्या आधी येशू द्राक्षमळ्याचा दाखला देतो. मळा खंडाने दिलेला असतो, मालकाचे दास तिथे मारले जातात, शेवटी तो मुलाला पाठवतो. मुलगा दिसताच खंडकरी काय म्हणतात? हा वारस आहे, चला, याला मारू, म्हणजे वतन आपले होईल. त्यांनी त्याला ओळखले नाही असे नाही. ओळखले म्हणूनच मारले. त्यावर लगेच येतो नाकारलेला दगड. ऐकणाऱ्यांना हा दाखला आपल्यावरच आहे हे कळले आणि त्यांनी त्याला धरायचे ठरवले. धरले नाही ते लोकसमुदायाच्या भीतीने, असे मार्क लिहितो. तो लोकसमुदायही यहुदीच होता. प्रेषितांची कृत्ये पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून सरळ म्हणतो: तुम्ही बांधणाऱ्यांनी तुच्छ मानलेला दगड तो हाच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोष्टीत हा आरोप गळून पडतो. दोष कुणाचाच उरत नाही, सापडल्याचा आनंद तेवढा उरतो.

‘कोनशिला म्हणजे नेहमी पायातला पहिला दगड; त्यावरूनच इमारतीची सारी मापे घेतात.’ स्तोत्रातला दगड पायाचा की माथ्याचा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात तर मंदिर पुन्हा बांधणारा जरुब्बाबेल माथ्याचा दगड जयघोषात बाहेर आणतो. पायाचा दगड स्पष्टपणे येतो यशया २८:१६ मध्ये: सियोनेत बसवलेला, पारखलेला, मोलाचा. पण माप कशाचे? पुढचेच वचन सांगते: न्याय ही दोरी आणि नीतिमत्ता हा ओळंबा. हे ऐकवले जात होते यरुशलेमेच्या राज्यकर्त्यांना, ज्यांनी मृत्यूशी करार करून खोटेपणाचा आसरा घेतला होता. कोनशिलेवर प्रवचन देताना सोळाव्या वचनाशी थांबून सतरावे गाळायचे, ही सवय मला मुळीच पटत नाही. मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या यहुदी पंथाने तर हे सोळावे वचन आपल्या मंडळीलाच लावले होते, तेव्हा त्याचा एकच ठरलेला वापर होता असेही म्हणता येत नाही.

‘ख्रिस्ताशिवाय दुसरा पाया बायबलला माहीत नाही.’ १ करिंथ ३:११ मध्ये पौल तसे म्हणतो खरे, पण करिंथात ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले होते म्हणून. इफिस २:२० मध्ये पाया प्रेषित व संदेष्टे यांचा आणि ख्रिस्त कोनशिला. प्रकटीकरण २१ मध्ये नगराच्या तटाला बारा पाये, त्यांवर बारा प्रेषितांची नावे. प्रतिमा प्रसंगानुसार हलते. एका ओळीच्या जोरावर पेत्राला पाया मानणाऱ्या कॅथलिकांना गप्प करू पाहणाऱ्यांनी उरलेल्या ओळीही वाचाव्यात.

राहिला दिलासा. नाकारलेल्या माणसाने ११८वे स्तोत्र आपले म्हणून जरूर गावे, ते त्यासाठीच आहे. पण ‘कोनशिला तुम्हीच’ हे नव्या करारातल्या पत्रांत कुठे नाही. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव कोरतात, त्यामुळे ती मानाची जागा वाटते खरी. पेत्राचे पहिले पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया या रोमी प्रांतांत विखुरलेल्या, परके म्हणून राहणाऱ्या लोकांना लिहिलेले आहे. त्यांच्याहून नाकारलेले कोण? दुसऱ्या अध्यायात त्यांना ‘जिवंत धोंडे’ म्हटले आहे, अनेकवचनी. एकमेकांसह रचले जाणारे, एका आध्यात्मिक मंदिराचे. कोनशिलेची जागा भरलेली आहे. आणि तोच दगड काहींना ठेच लागण्याचा, अडखळण्याचा खडक होतो, हे यशयाच्या आठव्या अध्यायातले वाक्य पेत्र तिथेच, आठव्या वचनात जोडतो. फिरणाऱ्या संदेशात तेही नसते.