नंबर जुळले म्हणून पिस्तूल अस्सल ठरत नाही

जुनी लष्करी पिस्तुलं जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘सगळे नंबर जुळले तर पिस्तूल अस्सल. एक जरी भाग बदललेला असला तर ती खिचडी, तिला किंमत नाही. आणि खिचडी पदरात पडलीच तर त्या काळातले योग्य भाग शोधून बसवा, पिस्तूल पुन्हा मूळ होतं.’ नवखी माणसं यावर विसंबून खरेदी करतात. त्याहून वाईट म्हणजे पान्हा-पेचकस घेऊन बसतात. म्हणून एकेक विधान तपासून बघू.

नंबर जुळण्यापासून सुरुवात करतो. हा नियम आला मुख्यतः ल्युगर या जर्मन पिस्तुलावरून. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या या पिस्तुलाच्या मुख्य भागांवर पूर्ण नंबर असतो. चाप, बाजूची पट्टी अशा लहान भागांवर मात्र त्याचे शेवटचे दोनच अंक. दोन अंक म्हणजे ०० ते ९९, एकूण शंभर शक्यता. ज्याच्याकडे सुट्या भागांनी भरलेला डबा आहे, त्याला ‘४७’ ठसा असलेला चाप मिळवायला कितीसा वेळ लागणार? मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, बुडावर पूर्ण नंबर आणि अक्षर असतं, ते जुळवणं अवघड; पण सैन्याच्या नंबरांच्या मालिका दरवर्षी नव्याने सुरू होत, म्हणजे तोच नंबर आणि तेच अक्षर वेगवेगळ्या वर्षांच्या पिस्तुलांवर सापडू शकतं. जुना अंक घासून नवा मारणारे महाभाग वेगळेच.

म्हणून नंबर बघून थांबू नका. अंकांचं वळण बाकीच्या ठशांशी जुळतं का, झीज शेजारच्या भागाइतकीच आहे का, ठशाच्या कडा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) चढण्याआधीच्या आहेत की नंतरच्या, हे भिंगाखाली बघावं लागतं. न जुळणारा नंबर निदान खरं बोलत असतो. जुळणाऱ्याची मात्र उलटतपासणी करावी लागते.

दुसरं विधान मला जास्त खटकतं, कारण ते लष्करी वस्तू म्हणजे काय हेच विसरतं. भाग बदलता यावेत हे तर सैन्यांचं जुनं स्वप्न! अमेरिकेत १८१३ मध्ये सिमियन नॉर्थ यांना २०,००० पिस्तुलांचं कंत्राट मिळालं. त्यातली अटच अशी होती, की कुठल्याही पिस्तुलाचा भाग दुसऱ्या कुठल्याहीत बसला पाहिजे. शंभर वर्षांनंतरच्या एम १९११ या अमेरिकी लष्करी पिस्तुलामध्ये ते रोजचं वास्तव झालं. दुरुस्तीला आलेली पिस्तुलं शस्त्रागारात खोलली जात, भाग एकत्र होत, तपासून पुन्हा जोडले जात. एका कंपनीची फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) आणि दुसरीची स्लाईड (वरचा सरकणारा भाग) हा तिथे दोष नव्हताच. ऑगस्टा शस्त्रागाराचा ‘एए’ किंवा रॉक आयलंडचा ‘आरआयए’ हा ठसा त्या कामाची पावती आहे. अशा पिस्तुलाला खिचडी म्हणणं म्हणजे सैनिकाच्या अंगावरच्या जखमेच्या खुणेला डाग म्हणणं.

सगळ्यात बोलकं उदाहरण १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचं. घोडदळासाठी त्याची नळी साडेसात इंची होती. १८९५ पासून यातली बरीच रिव्हॉल्व्हरं परत बोलावून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या. संग्राहक त्यांना ‘आर्टिलरी’, म्हणजे तोफखान्याची, म्हणतात. या कामात नंबरांची पर्वा न करता भाग एकमेकांत मिसळले गेले. सुरुवातीची थोडी सोडली तर आर्टिलरीवर नंबर न जुळणं हीच नेहमीची गोष्ट. इथे सगळे नंबर जुळताना दिसले तर आनंदाने उडी मारण्याआधी दोनदा विचार करावा. आणि ‘योग्य भाग बसवा’ या सल्ल्याने सगळ्यात जास्त नासधूस इथेच केली आहे. कितीतरी आर्टिलरींना लांब नळ्या लावून घोडदळाचं रूप दिलं गेलं. खरी आर्टिलरी गेली आणि मिळालं खोटं घोडदळ.

म्हणजे तिसरं विधान इथेच कोसळतं, तरी ते आणखी थोडं बघू. ब्रिटिश एनफिल्ड नं. २ रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला (गोळीवर आघात करणारा हातोडीसारखा भाग) आधी मागे अंगठ्याने ओढायचं टोक होतं. १९३८ च्या सुधारित आवृत्तीत ते काढलं, आणि आधीची कित्येक रिव्हॉल्व्हरंही दुरुस्तीला आल्यावर तशीच केली गेली. आज कुणी टोक असलेला जुना घोडा शोधून बसवतो आणि ‘मूळ’ म्हणतो. पण ते रिव्हॉल्व्हर युद्धात तसं नव्हतंच. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या जुन्या पिस्तुलांचंही हेच. ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीचा जमाना आला तेव्हा सैन्यांनी हजारो जुनी पिस्तुलं बदलून घेतली. चकमकीच्या पिस्तुलाला जास्त भाव येतो म्हणून पुढे काहींना नवी रंजकाची (बार पेटवणाऱ्या दारूची) वाटी, गारगोटी आपटायची नवी पोलादी पट्टी, नवा घोडा लावून उलटं फिरवलं गेलं. या दुसऱ्या फेऱ्यात सैन्याने केलेला खरा बदल पुसला जातो. पुन्हा पॉलिश करून ब्लूइंग चढवण्याबद्दल तर बोलायलाच नको. ठसे बुजतात, कडा गोल होतात, आणि ते परत आणता येत नाही.

या मजकुरात तथ्य एवढंच, की बदललेले सगळे भाग सारखे नसतात. वाइमार काळातल्या (पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या) जर्मन सैन्याने पिस्तूल सरकारी मालकीचं म्हणून त्यावर १९२० चा ठसा मारला, तो त्या पिस्तुलाचा इतिहास. विक्रीसाठी काल कुणी लावलेली स्लाईड हा इतिहास नाही, आणि तिच्यामुळे भाव पडणं रास्तच आहे. सिंगर कंपनीने एम १९११ए१ ची (एम १९११ ची सुधारित आवृत्ती) फक्त ५०० पिस्तुलं बनवली. एवढ्या दुर्मीळ नावाची स्लाईड भलत्याच फ्रेमवर दिसली तर ‘शस्त्रागारात बदलली असेल’ या सबबीवर मी विश्वास ठेवणार नाही. बदल कुणी केला, कधी केला आणि त्याची खूण कुठे आहे, हे विक्रेत्याला विचारायचं.

मुठीची लाकडी पट्टी तुटली असेल तर जुनी पट्टी जरूर लावा. तुटलेली मात्र चिठ्ठी लावून पिस्तुलासोबतच ठेवा: कुठला भाग, कधी काढला, नवा कुठून आणला. नवीन भागावर जुना नंबर कोरू नका. पुढे ते पिस्तूल ज्याच्या हातात जाईल, त्याला ती चिठ्ठी आणि ती तुटकी पट्टी दोन्ही मिळाली पाहिजेत.