‘जमिनीवर या’ म्हणणाऱ्या वाचकास

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्याकडे अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलांना इंग्लंडची औद्योगिक क्रांती तोंडपाठ असते. पण दक्षिण कोरिया, तैवान, व्हिएतनाम आपल्या डोळ्यांदेखत कसे बदलले, तिथली शेती, घरं, बायकांची कामं कशी पालटली, हे कुणी नीट शिकवत नाही. त्यावर नाव न देता एका वाचकाने लिहिलंय: ‘बाई, बेळगावात बसून व्हिएतनामचा अभ्यास हा पगारदारांचा छंद आहे. जमिनीवर या. कोरियाचं सालसुद्धा चुकलंय. तिथल्या राजवटी आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुली तुम्हाला दिसत नाहीत. आणि कूळकायदा आपल्याकडेही झाला की, मग आपली उद्यमबागची औद्योगिक वसाहत तशी का वाढली नाही?’

साल चुकलं, हे मान्य. कोरियातलं जमीनवाटप १९५० चं. मी लिहिलेलं १९५३ हे तैवानचं. दुरुस्त केलं आहे, आभारी आहे.

आता ‘बाई’. तीस वर्षं विद्यार्थी मला बाईच म्हणतात, त्यामुळे हा शब्द कुठल्या सुरात कसा लागतो ते मला कळतं. तुमचा सूर शिकणाऱ्याचा नव्हता. मुद्दा सरळ मांडला असतात तर मीही सरळ बोलले असते.

जमिनीवर या म्हणता? माझा अज्जा, म्हणजे आजोबा, खानापूर तालुक्यात कूळ होता. दीड एकर भात, त्यानंतर मसूर, आणि पिकाचा निम्मा वाटा सावकाराच्या घरात. कर्नाटकात देवराज अरसूंच्या सरकारने १ मार्च १९७४ पासून कुळांच्या जमिनी सरकारात घेतल्या आणि कसणाऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरून हक्क सांगायचा, असं ठरलं. फॉर्म कानडीत. अज्जाला कानडी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. शेजारच्या कानडी मास्तरांनी तो भरून दिला, अज्जाने अंगठा उठवला. पुढे पाच वर्षं तारखा. एका तारखेला मी त्याच्याबरोबर गेले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो उभाच होता, कारण बाकावर सावकाराची माणसं बसली होती आणि त्यांच्या शेजारी बसायची त्याला सवय नव्हती.

१९७९ ला निकाल आमच्या बाजूने लागला. त्या सुगीला पहिल्यांदा सगळं भात घरात आलं. आजी पोत्यांवरून हात फिरवत नुसती बसून राहिली. ‘सगळं आपलंच की गं,’ एवढंच म्हणाली. त्या निम्म्या वाट्यातून पुढे माझी फी गेली, खानापूर-बेळगाव रेल्वेचा पास निघाला. आज जो पगार तुम्ही माझ्या तोंडावर फेकलात, त्याचं मूळ त्या पोत्यांत आहे.

कॉलेजात असताना वाचलं की तैवानने १९४९ साली खंडावर मर्यादा घातली, मुख्य पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांहून जास्त घ्यायचा नाही, आणि १९५३ साली जमीनच कसणाऱ्याच्या नावावर केली. तो साडेसदतीसचा आकडा वाचून मी पुस्तक मिटलं आणि अज्जाचा निम्मा वाटा मोजला. कोरियात तीन हेक्टरांवरची जमीन काढून घेतली गेली. व्हिएतनामने १९८६ मध्ये ‘दोई मोई’ म्हणून धोरण पालटलं. पण खेड्यातल्या माणसाला ते खरं दिसलं १९८८ ला, जेव्हा सहकारी शेतीतली जमीन कसायला घराघराला दिली गेली. तांदूळ बाहेरून आणणाऱ्या त्या देशाने १९८९ साली सुमारे १४ लाख टन तांदूळ परदेशी विकला. पीक आपलं राहणार म्हटल्यावर माणूस बांधाला कसा माती लावतो, हे मी घरात पाहिलं होतं. हा छंद असेल, तर तो मला अज्जाने लावला.

राजवटींबद्दल म्हणाल, तर तिथलं सरकार आणा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. कारखान्यातल्या मुलींचे कामाचे तास हा मोठा विषय आहे, पण निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांना अशा राबण्याची ओळख हनोईहून करून घ्यावी लागत नाही. उद्यमबागचा प्रश्न स्वतंत्र आहे. फाउंड्रीचा धंदा आणि शेतजमीन यांची एका ओळीत सांगड घालून मला कोंडीत पकडल्यासारखं तुम्हाला वाटत असेल, तर वाटू दे.

पुढच्या वेळी नाव लिहून विचारा. आणि जमीन बघायचीच असेल तर खानापूरला या, तो दीड एकर अजून आमच्याकडे आहे. लावणी चालू आहे, चपला बांधावर काढून यावं लागेल.