ब्रिटनमध्ये दोन रात्रींसाठी भारी हॉटेल घेताय? आधी स्टेशन बघा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मेसेज करून विचारलं, "आई-बाबांना घेऊन येतोय, दोन दिवस कुठंतरी छान ठेवायचंय, कुठलं हॉटेल घेऊ?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

माझे बाबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. उभ्या आयुष्यात बाहेरगावी ते राहिले ते रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात), नाहीतर नातेवाइकांकडे. त्यांच्या लग्नाला ४० वर्षं झाली तेव्हा दोघं इंग्लंडमध्ये लीड्सला माझ्याकडे होते आणि मी मनाशी ठरवलं, यांना एकदा तरी राजेशाही थाटात ठेवायचं.

पहिल्यांदा मी चुकले. फोटो बघून शहराबाहेरचं एक हॉटेल घेतलं. हिरवळ, पोहण्याचा तलाव, स्पा, सगळं होतं. पण शहरात जायला प्रत्येक वेळी टॅक्सी. पाऊस लागला की तीही अर्धा तास येईना. आईला दुपारी जरा आडवं व्हायचं असायचं, तर त्यासाठी परत फिरणं शक्यच नव्हतं. दोन दिवसांतला निम्मा वेळ दारात उभं राहण्यात गेला. बाबा काही बोलले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. दोन रात्रींच्या सहलीत सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे वेळ. तो वाचवणारं हॉटेलच खरं आलिशान. आणि ब्रिटनमध्ये अशी हॉटेलं शोधावी लागत नाहीत, रेल्वे कंपन्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच ती स्टेशनाला खेटून बांधून ठेवलीत.

दुसऱ्या वेळी आम्ही स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबराला गेलो. लीड्सहून थेट गाडीनं साधारण तीन तास. उत्तरेकडे जाताना उजवीकडची खिडकी घ्या, बेरिक गावाच्या आसपास रूळ समुद्राला अगदी लागून जातात. तिथल्या ट्वीड नदीवरच्या पुलाला २८ कमानी आहेत आणि तो १८५० चा आहे, हे ऐकल्यावर बाबा खिडकीला नाक लावून बसले. वेव्हर्ली स्टेशनला उतरलो, सरकत्या जिन्यानं वर रस्त्यावर आलो, आणि समोरच बाल्मोरल हॉटेल. बॅगा ओढत पाच मिनिटंही चालावं लागलं नाही.

हे हॉटेल १९०२ साली नॉर्थ ब्रिटिश रेल्वेनं बांधलं. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. फक्त ३१ डिसेंबरच्या रात्री ते बरोबर वेळ दाखवतं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फुटपाथवरच थांबले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "बांधणाऱ्याला प्रवाशाची काळजी होती गं." याच रस्त्याच्या, म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटच्या, दुसऱ्या टोकाला लाल दगडाचं कॅलेडोनियन हॉटेल आहे, ते प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीचं, १९०३ चं. म्हणजे आपल्या मुंबईच्या ताजच्याच वयाचं. त्याचं स्टेशन १९६५ ला बंद झालं, हॉटेल अजून उभं आहे.

किल्ला, जुनं शहर, बागा, सगळं चालत. दुपारी एकला किल्ल्यावरची तोफ ऐकली (रविवारी उडत नाही, लक्षात ठेवा), खोलीवर आलो, आईनं तासभर डोळा लावला, मग परत बाहेर. हे सुख शहराबाहेरच्या स्पामध्ये नाही.

आता बुकिंगच्या आधी काय विचारायचं ते. इमारती जुन्या, त्यामुळे एकाच हॉटेलातल्या दोन खोल्या एकसारख्या नसतात. काही आतल्या चौकाकडे उघडतात, म्हणून फोन करून खिडकीतून काय दिसतं ते विचारा. एसी गृहीत धरू नका. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर बाथटबच्या काठावरून पाय टाकून शॉवर घ्यावा लागणार का, हे आधीच विचारा. आमच्या आईसाठी हाच प्रश्न सगळ्यात मोठा होता. जेट स्प्रेही बहुतेक ठिकाणी नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, लाजायचं काय त्यात! उन्हाळ्यात तिथं पहाटे साडेचारला उजाडतं, म्हणून पडदे जाड आहेत का तेही विचारा. नाश्ता भाड्यात धरलाय का बघा. ऑगस्टमध्ये एडिनबराचे महोत्सव असतात, तेव्हा भाडी फार चढतात. आणि २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर तिथली नगरपालिका भाड्याच्या ५ टक्के कर घेणार, पहिल्या पाच रात्रींपुरता.

हॉटेलच्या ताऱ्यांवर (चार तारे, पाच तारे) फार भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये तारे देणं हे फक्त सरकारचं काम नाही. १९१२ पासून ते देत आलेली एए (ऑटोमोबाइल असोसिएशन) ही मुळात मोटारचालकांची संघटना, आणि तपासणी करून घ्यायची की नाही हे हॉटेलच ठरवतं.

लंडनला जाणार असाल तर सेंट पँक्रस स्टेशनच्या दर्शनी भागातलं हॉटेल बघाच, राहायला जमलं नाही तरी जिना बघायला जा. १८७३ ला ते उघडलं तेव्हा लोक थक्क झाले होते. पण खोल्यांना जोडून न्हाणीघरं नव्हती आणि भक्कम, आगीला दाद न देणाऱ्या जमिनीतून नळ नेणं जमेना, म्हणून १९३५ ला बंद पडलं. पाडायलाही निघाले होते. लोकांनी लढून वाचवलं आणि २०११ ला ते पुन्हा हॉटेल झालं. त्याचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याचाच. ओव्हल मैदानावरून तो बघत मोठे झालेल्यांना सेंट पँक्रससमोर उभं राहिल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. माझं तरी झालं.

पैसे लागतात, हे खरं. एका रात्रीला आमच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त गेले. मी तीनऐवजी दोनच रात्री घेतल्या, पण जागेत तडजोड केली नाही. शेवटच्या सकाळी बाबा खाली गेले, मनोऱ्याकडे बघून मनगटावरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे केलं आणि भुसावळला परत जाईपर्यंत तसंच ठेवलं.

पुढच्या वर्षी यॉर्कला न्यायचंय, तिथलं रेल्वे संग्रहालय त्यांना बघायचं आहे. स्टेशनला लागून १८७८ चं जुनं रेल्वे हॉटेल आहे. कुणी राहिलं असेल तर बाथरूम आणि लिफ्टबद्दल नक्की लिहा, आईच्या गुडघ्याचं आता ऑपरेशन झालंय.