पोट उडतंय का, ते आधी बघा

माझा मुलगा पूर्ण दिवसांचा. वजन चांगलं, हृदय ठणठणीत, अंगावर पिणारा. सहा आठवड्यांचा असताना त्याला आरएसव्ही नावाच्या विषाणूची सर्दी झाली. थोरलीने शाळेतून आणलेली. तिचं दोन दिवस नाक गळलं आणि ती खेळायला लागली. त्याला चौथ्या दिवशी ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

आदल्या दिवशी आम्ही त्याला एका दवाखान्यात दाखवलं होतं. "बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे का? हृदयाला छिद्र वगैरे?" दोन्हीला मी नाही म्हटलं आणि त्या दोन 'नाही'वर आम्हाला घरी पाठवलं गेलं. निरोगी बाळ आहे, नुसती सर्दी आहे, काळजी करू नका.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. कोणत्या बाळांना हा आजार जड जातो, ती धोक्याची यादी खोटी नाही, पण आपण ती उलटी वाचतो. यादीत बाळ बसत नाही, म्हणजे त्याला धोका नाही, असं धरून चालतो.

आरएसव्ही हा श्वासमार्गाचा विषाणू. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो आणि बहुतेकांचं सर्दी-खोकल्यावर भागतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जड जातो, कारण आईच्या अंगातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, गर्भाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. लवकर जन्मलेलं मूल ती शिदोरी अर्धवट घेऊनच बाहेर येतं. फुप्फुसांचा जुना आजार, जन्मजात हृदयविकार, डाउन सिंड्रोम, कमी प्रतिकारशक्ती, स्नायू इतके दुबळे की खोकून कफही काढता येत नाही, ही मुलं यादीत आहेत ती योग्यच.

पण दवाखान्यात दाखल होणाऱ्यांत बहुतेक मुलं पूर्ण दिवसांची, आधी धडधाकट असलेली असतात. मुळात त्यांची संख्याच जास्त. शिवाय सहा महिन्यांच्या आतलं वय हाच मोठा धोका आहे, आणि पहिले दोन-तीन महिने तर सर्वांत नाजूक. मला हे एका नर्सताईंनी तिथेच कागदावर गोल काढून समजावलं. चार मिलिमीटर रुंदीच्या श्वासनळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर वाटेची रुंदी निम्मी होते आणि हवा ओढायला लागणारा जोर सुमारे सोळा पट वाढतो. आठ मिलिमीटरच्या मोठ्या नळीत तेवढ्याच सूजेने तो तीन पटींच्या आसपास जातो. त्यात तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. ते गच्च झालं की दूध ओढायचं कसं?

माझा मुलगा तेच करत होता. चार घोट ओढायचा, सोडायचा, रडायचा. त्या रात्री मी त्याचं झबलं वर केलं. फासळ्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती, पोट उडत होतं. मोबाइलवर पूर्ण मिनिट लावून श्वास मोजले. अडुसष्ट. पुन्हा मोजले, तेवढेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत हा आकडा ५०. आणि अगदी तान्ही काही मुलं खोकतही नाहीत, त्यांचा श्वास मध्येच थांबतो. तेव्हा तर एक क्षणही घालवू नये. आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास जोर धरतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या "ठीक आहे"वर विसंबू नका.

२०१९ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं आरएसव्हीने गेली असा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्याही आतली होती, आणि बहुतेक सगळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

त्या यादीला इतकं महत्त्व कशामुळे आलं, हेही मला नंतर कळलं. आरएसव्हीपासून बचावासाठी १९९८ साली आलेलं पॅलिविझुमॅब हे इंजेक्शन महाग, त्यात हंगामात दर महिन्याला द्यायचं. सगळ्यांना देणं शक्य नव्हतं, म्हणून सर्वाधिक धोक्याची मुलं निवडावी लागली. इंजेक्शन कुणाला आधी द्यायचं यासाठी ती यादी वापरात आली. घरी कुणाला पाठवायचं, हे तिच्यावरून ठरवायचं नव्हतं.

ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्यांबद्दल मात्र मी आता कुणाची भीड ठेवत नाही. घरात सिगारेट नाही, गच्चीत ओढून आलेल्याने लगेच बाळ घ्यायचं नाही. सर्दी झालेल्या पाहुण्याने मुका घ्यायचा नाही, मग ते कितीही जवळचे असोत. हात धुतल्याशिवाय बाळाला हात नाही. लोक रागावले. रागावू देत.

आता गरोदर बाईला द्यायची आरएसव्हीची लस आहे, आणि जन्मलेल्या बाळासाठी निर्सेविमॅबचं एकच इंजेक्शनही आहे. दोन्ही यादीबाहेरच्या बाळांसाठीही आहेत. माझी नणंद आठव्या महिन्यात आहे. काल तिचा फोन आला, "वहिनी, डॉक्टरांना लसीचं विचारलं, सोमवारी बोलावलंय." तिचा थोरला चार वर्षांचा आहे. याच वर्षी शाळेत जायला लागलाय.