‘शेवटच्या रात्रीचा अभ्यास’ : खुलासा

कॉलेजच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘अभ्यास पुढे ढकलणाऱ्यांना ताण कमी येतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय.’ ही अर्धीच गोष्ट आहे. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या शोधनिबंधात सत्राच्या सुरुवातीला अशा विद्यार्थ्यांचा ताण आणि आजारपण खरंच कमी दिसलं. पण सत्र संपत आलं तसं दोन्ही इतरांपेक्षा वाढलं, इतकं की एकूण हिशेबातही तेच जास्त आजारी ठरले. गुणही कमीच पडले. मेसेजमधून नेमका हाच भाग गाळलाय. ३३ संशोधनं एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या विश्लेषणातही चालढकल आणि कमी गुण यांचा संबंध दिसला. परीक्षेच्या तोंडावर कुणीतरी त्या मेसेजवर विसंबून पुस्तक मिटेल, ही काळजी वाटते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.