'झोप येत नाही' या तक्रारीच्या पुढचे प्रश्न

लालबागला आमच्या चाळीत नळाला पहाटे चारला पाणी यायचे आणि ते भरण्याचे काम दादाकडे होते. साडेतीनलाच उठून तो मोरीतले पिंप घासून तयार ठेवायचा आणि मग काळोखात गॅलरीत बसून राहायचा. याला कधी उठवावे लागत नाही, असे आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. पुढे पुनर्विकास होऊन आम्ही टॉवरमध्ये राहायला गेलो, चोवीस तास पाणी आले, आणि तरीही दादाला साडेतीनलाच जाग येत राहिली. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की तो पाण्यासाठी उठत नव्हता. जाग आलेलीच असायची, म्हणून पाणी भरत होता.

'उदास वाटते' असे पन्नाशीचा मराठी माणूस चारचौघांत सहसा बोलत नाही. झोपेची तक्रार मात्र तो दवाखान्यात, ऑफिसात, अगदी लोकलच्या ग्रुपमध्येही बिनदिक्कत करतो, कारण तिच्यात कमीपणा नाही. उलट या शहरात कमी झोपणे ही मिरवण्याचीच गोष्ट आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की नैराश्य ओळखण्याची सर्वांत सोपी वाट या तक्रारीतून जाते आणि आपण ती झोपेच्या गोळीने बंद करून टाकतो. दादाने अशी गोळी दोन वर्षे घेतली. त्या काळात त्याने भजनाला जाणे सोडले, जेवण निम्म्यावर आले, आणि दवाखान्यात दर वेळी विचारले गेले ते एवढेच, की गोळी लागू पडते आहे ना.

निद्रानाश हे नैराश्याचे केवळ लक्षण आहे, असे पूर्वी मानले जाई. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 21 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मात्र असे दिसले की ज्यांना नैराश्य नाही पण निद्रानाश आहे, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका नीट झोपणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणजे नाते दोन्ही बाजूंनी आहे. ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटेपासून चढू लागते. नैराश्याच्या काही रुग्णांत ते रात्रीही पुरेसे खाली येत नाही. नेहमीपेक्षा तास-दोन तास आधी जाग येणे आणि मग डोळा न लागणे ही तर या आजाराची जुनी, ठळक खूण आहे.

अखेर दादाला मानसोपचाराच्या ओपीडीत नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरवर जाग येण्याची वेळ लिहून घेतली आणि विचारले, "लहानपणी तुमच्या घरात रात्र कशी असायची?"

दादा बराच वेळ गप्प होता.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते. संप लांबला, पगार बंद झाला, बाबांची दारू वाढली. रात्री लाकडी जिन्यावर त्यांची पावले वाजली की दादा चादरीआडून पायऱ्या मोजायचा. मध्येच थांबत, अडखळत आले तर आज मार आहे, हे त्याला कळायचे. ज्या मुलाला रात्री सावध राहावे लागते, त्याच्या शरीराला ती सावधगिरी पुढे सहजी सोडता येत नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे फेलिटी आणि अँडा यांनी केलेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त आढळले होते. त्यातले बहुतेक जण आरोग्यविमा असलेले, शिकलेले लोक होते, त्यामुळे हे फक्त चाळीतले किंवा गरिबीतले दुखणे म्हणून बाजूला सारता येत नाही.

आघात झाला म्हणजे आजार होणारच, असेही नाही. मी त्याच खोलीत, दादाच्या शेजारीच झोपायचो आणि मला आजही पडल्या पडल्या झोप लागते. याचे श्रेय माझे नाही. जिन्याकडच्या बाजूला दादा असायचा.

"आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?" असे म्हणणारे इथेही येतील. त्यांनी एकदा आपली जाग येण्याची वेळ पाहावी, एवढेच मी म्हणेन.

दादाला औषधे सुरू झाली, समुपदेशन सुरू झाले आणि झोपेची शिस्त लावून दिली गेली: रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ ठरलेली, अंथरुणात तळमळत पडून राहायचे नाही, आणि परतीच्या गाडीत डुलकी काढायची नाही. या शेवटच्या अटीवर तो सर्वांत जास्त कुरकुरला. ज्यांना ओपीडीची पायरी चढणे जड वाटते, त्यांच्यासाठी 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. क्रमांक 14416, आणि मराठीत बोलता येते.

दादा सध्या पाचपर्यंत झोपतो. गोळ्या अजून चालू आहेत आणि त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टर ठरवतील, वहिनीची मावशी नव्हे.